बीजिंगमधे एक सकाळ मोकळी आहे, ताओ मंदिर बघू का?

प्रश्न: ऑफिसच्या कामाने बीजिंगला चाललेय, एक सकाळ मोकळी मिळणारे. सगळे म्हणतायत भिंत बघ, राजवाडा बघ, पण मला कधीपासून एखादं जुनं ताओ मंदिर, म्हणजे चीनच्या त्या जुन्या धर्माचं, बघायचंय. परक्या माणसाला आत सोडतात का, वागायचं कसं, मूर्ती कोणाच्या असतात, की बुद्धविहारासारखंच सगळं असतं? काहीच माहीत नाही. माझा जन्म १९८४ चा, उगाच सांगून ठेवते, तिकडे म्हणे जन्मवर्षाला फार महत्त्व आहे.

उत्तर: उगाच नाही सांगितलंत, त्याचा उपयोग होणारे, पण ते शेवटी.

एका सकाळीत भिंत होत नाही, त्यामुळे सरळ बाईयुन ग्वानला जा, म्हणजे पांढऱ्या ढगांचं मंदिर. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर मुशीदीला उतरायचं आणि थोडं चालायचं. परदेशी म्हणून कोणी अडवत नाही, तिकीट अगदी किरकोळ. तांग राजवटीत आठव्या शतकात इथे पहिलं मंदिर झालं, पुढे जळणं, पडणं, परत बांधणं हे सगळं झालंय, आत्ता दिसतं ते बरंचसं मिंग आणि चिंग काळातलं. १९५७ मधे स्थापन झालेल्या चिनी ताओ संघटनेचं मुख्यालयही इथेच आहे, म्हणजे हे नुसतं म्युझियम नाही, लोक राहतात, पूजा चालते.

विहारासारखं आहे का? लांबून वाटतं, कारण छपरं, अंगणं, उदबत्तीचा धूर सगळं तसंच. पण आतली माणसं बघितली की फरक कळतो. बौद्ध भिक्खूंचं डोकं तुळतुळीत, आणि इथल्या साधूंचे केस लांब, वर गुंडाळून त्यात काटा खोचलेला. त्यांना भिक्खू म्हणू नका, मी एकदा म्हटलं होतं, समोरचा हसला पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘ताओचांग’ म्हणायचं. आणि कितीही कुतूहल वाटलं तरी त्यांना वय विचारायचं नाही, दीर्घायुष्याच्या मागे असलेल्या माणसाला वय विचारणं बरं दिसत नाही म्हणे.

मुख्य दरवाजाच्या दगडी कमानीवर एक छोटं माकड कोरलंय, ते शोधत बसावं लागत नाही कारण लोकांनी हात लावून लावून ते काळं गुळगुळीत केलंय. तिथून आत एक पूल आहे आणि त्याखाली पाणीच नाही. गोष्ट अशी सांगतात की जवळ ‘पश्चिमेचा वारा’ नावाचं बौद्ध मंदिर होतं, वारा आला की ढग पांगणार, म्हणून ढगवाल्यांनी वारा अडवायला पूल बांधला! शेजाऱ्यांची भांडणं कुठेही सारखीच. चिनी नववर्षाला या पुलावर गर्दी असते, खाली मोठ्या नाण्याच्या भोकात घंटा टांगतात आणि वरून चकत्या फेकून ती वाजवायची, वाजली तर वर्ष चांगलं.

मग एकामागे एक दालनं, सगळी दक्षिण-उत्तर एका रेषेत. पहिल्यात तीन डोळ्यांचा, लाल तोंडाचा राखणदार वांग लिंगक्वान, पुढे स्वर्गाचा राजा जेड सम्राट, अगदी मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तीन विशुद्ध, म्हणजे ताओ धर्माचे सर्वोच्च तीन देव, त्यातलाच एक म्हणजे देव झालेला लाओत्से, ताओ विचाराचा मूळ गुरू. पण घाईत असाल तर बाकी भरभर बघा आणि च्यु छुजी या साधूच्या दालनात थांबा, कारण तो माणूस तिथेच जमिनीखाली पुरलेला आहे.

हा साधू सत्तरी ओलांडलेला, आणि चंगीझ खानाचं बोलावणं आलं. खानाला अमर व्हायचं औषध हवं होतं. म्हातारा अठरा शिष्य घेऊन निघाला, मंगोलिया, समरकंद करत करत १२२२ मधे हिंदुकुशच्या बाजूला खानाच्या छावणीत पोचला, आणि जगातल्या सगळ्यात भीतीदायक माणसाला तोंडावर सांगितलं की जीव जपायचे उपाय आहेत, अमर व्हायचं औषध नाही. खान रागावला तर नाहीच, उलट ताओ मठांना कर माफ केला आणि यालाच सगळ्यांचा प्रमुख केलं. १२२७ मधे दोघेही गेले, एकाच वर्षी. मला तर ते दालन बघून बाकी सोन्याच्या मूर्ती फिक्या वाटल्या.

वागायचं म्हणाल तर उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, हे तुम्हाला सांगायला नको. उदबत्त्या तीन पुरतात, गठ्ठा नको. नमस्काराला उजव्या मुठीवर डावा हात. दालनाच्या आत मूर्तीचे फोटो काढू नका, अंगणात खुशाल काढा.

आता जन्मवर्ष. तिथे साठ वर्षांच्या साठ देवांचं दालन आहे. आपल्या पंचांगात साठ संवत्सरं असतात ना, तसंच त्यांचंही साठांचं चक्र, बारा प्राणी आणि दहा खुणा यांच्या जोड्यांचं. प्रत्येक जण आपल्या वर्षाचा देव शोधून हात जोडतो. १९८४ म्हणजे चक्राचं पहिलंच वर्ष, उंदराचं. फक्त जन्म जानेवारीतला असेल तर घोळ आहे, चिनी वर्ष तोवर लागलेलं नसतं, मग तुमचा देव एक नंबर मागचा, म्हणजे साठावा.

प्रश्न: आईला (वय ६८) वुडांग डोंगरावरची मंदिरं बघायचीत. गुडघे बरे नाहीत. जमेल का?

उत्तर: अर्धं जमेल. हूपे प्रांतातला हा डोंगर, मिंग सम्राट योंगलने १४१२ पासून इथे बांधकामाचा धडाका लावला, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. शिखर १६१२ मीटर, त्यावर १४१६ चं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं मंदिर. केबल कार आहे, पण ती सोडते तिथून वर अजून खड्या पायऱ्या आहेतच, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. आईंना जांभळ्या ढगांच्या मंदिरापर्यंत न्या, बस तिथवर जाते आणि तेही १४१३ चं, काही कमी नाही. पायऱ्या तिथेही आहेत पण बसत बसत होतात. याच डोंगरावर नानयान नावाच्या मंदिराला कड्याबाहेर आलेला दगडी ड्रॅगन आहे, त्याच्या डोक्यावर उदबत्ती लावायला लोक जायचे आणि दरीत पडायचे, शेवटी १६७३ मधे कांगशी सम्राटाच्या काळात बंदी घातली. तो फोटोत दाखवा. आणि दोन दिवस ठेवा, एका दिवसात उरकायला जाल तर दुसऱ्या दिवशी आई हॉटेलातच झोपून असतील.