दिवेलागणीचं रडणं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री अडीचला पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला. तुझ्या बोलण्यापेक्षा मागचं रडणंच जास्त ऐकू आलं. लेक पाच आठवड्यांची, दिवसभर शांत, आणि सात वाजले की पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून सुरू. वजन वाढतंय, शी-शू व्यवस्थित. डॉक्टर नुसतं ‘कॉलिक आहे’, म्हणजे निरोगी बाळाचं कारण न सापडणारं रडणं, एवढंच म्हणाले, म्हणून तू चिडलायस. अरे, डॉक्टर बरोबर बोलले. १९५४ साली वेसेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी याचं माप ठरवलं: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून अधिक. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे तुमचं अजून थोडं वाढेल, हे आताच सांगून ठेवते. पोट फुगलेलं दिसतं ते खरं, पण बरीचशी हवा रडतानाच गिळलेली असते.

मी लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केलेली बाई. तरी माझ्या थोरल्याने गिरगावच्या चाळीत मला रडवलं होतं. एकदा वैतागून मी त्याच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप जाडजूड थापला, तर रडणं थांबलं नाहीच, वर कातडीवर लाल चट्टा उठला. तेव्हा शेजारच्या काकूंनी पोराला माझ्या हातून काढूनच घेतलं. डाव्या हातावर पालथं घातलं, डोकं कोपराच्या खोबणीत, गाल बाहेर वळवलेला, हातापायांच्या चारी काड्या लोंबत्या, पोटाखाली त्यांचा उबदार हात. आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ फेऱ्या. उजव्या हाताने पाठीवर थोपटणं नाही, नुसता हात ठेवलेला. पाचव्या-सहाव्या फेरीला पोराने असा काही आवाज काढला की नळावरच्या बायका हसल्या! तू हेच कर. गॅलरी नसेल तर पॅसेजमध्ये. मात्र झोप लागली की पाळण्यात उताणंच ठेवायचं, पालथं नाही.

पाजल्यावर ढेकर काढायला घाई करू नकोस. खांद्यावर दहा-पंधरा मिनिटं उभी धर. ही तुझी ड्यूटी, आईची नाही. एका बाजूचं दूध पुरतं संपल्यावरच दुसरी बाजू द्यायची. सुरुवातीचं दूध पातळ, मागचं दाट असतं. सारखी बाजू बदलली तर पातळच जास्त जातं आणि पोट गुडगुडतं. पाय सायकलसारखे हलवणं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पोटावर तेलाचा हात, हे दुपारी, ती खुशीत असताना. रडं चढल्यावर तेलाची वाटी शोधत बसू नये.

आता घरातल्या मोठ्यांचं. गुटी. सहाणेवर मुरुडशेंगेचे दोन वेढे, जायफळाचा एक, वेखंडाचा अर्धा, आणि वर मध. वेढा कुणाच्या हाताचा किती, याला माप नसतं, सहाण किती स्वच्छ तेही बघणारं कुणी नसतं, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, शिवाय डॉक्टरांनी दिलेले थेंब. ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये १८५१ साली निघालं. त्यात शेपूचं तेल होतं, नि चक्क दारूही. आता दारू नसते, पण उपयोगाचा भक्कम पुरावाही नाही. गॅसच्या थेंबांचंही तेच.

तरी तुझ्या आईशी वाद घालू नकोस. तिला काम दे: ओव्याची पुरचुंडी कोमट करून, आधी आपल्या मनगटाला लावून, मग पोटाला हलका शेक. धुरी मात्र नको, दहा बाय बाराच्या खोलीत तो धूर जाणार कुठे?

रोजच्यापेक्षा वेगळं, काही केल्या न थांबणारं रडू असेल तर कपडे काढून बघ. बाळंतिणीचे केस गळतात. त्यातला एखादा बाळाच्या पायाच्या बोटाला करकचून गुंडाळलेला मी स्वतः सोडवलाय. जांघेत गाठ, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, दूध सोडणं, शू कमी होणं, अंग ढिलं पडणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता टॅक्सी करायची आणि दवाखाना गाठायचा.

आणि कधी हात शिवशिवले, आता हिला गदागदा हलवावं असं वाटलं, तर तिला पाळण्यात ठेव, दार लोटून घे, पाच-दहा मिनिटं जिन्यात जाऊन बस. हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. पाळण्यात पाच मिनिटं रडल्याने काही होत नाही. असं वाटणं हा गुन्हा नाही, मलाही वाटलं होतं.

तिच्या आईला वाल, हरभऱ्याची डाळ, कोबी सगळं बंद केलंय म्हणे. कशाला? तिच्या पोटातला वारा दुधात उतरत नाही. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक नसेल तर साडेसहापर्यंत पोचते. दहापर्यंत लेक माझ्या हातावर, तुम्ही दोघं झोपा. येताना वालाचं बिरडं आणते, ते तिच्यासाठी आहे. तू आधी डबा उघडू नकोस.

तुझी
मावशी