चिखलदऱ्याला ट्रेक करतो, पुढच्या वर्षी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचा आहे. अल्पाइन क्लायम्बिंगची, म्हणजे उंच बर्फाळ डोंगर चढायची हलकी सॅक घेऊ का? हलकी म्हणजे लेचीपेचीच ना?

कोर्ससाठी घेऊ नका भाऊ. बूट, आइस अ‍ॅक्स, सॅक सगळं संस्थेच्या स्टोअरमधून मिळतं. मेळघाटात तर पातळ कापडाची सॅक रायमुनियाच्या झुडपांत आणि बोरी-बाभळीत फाटेल. पण ते "लेचीपेची" वाचून मला राहवलं नाही.

माझी सॅक माझ्या बाबांनी शिवलेली आहे. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. शाळेचे ड्रेस, ब्लाऊज, फवारणीच्या पंपाचे तुटलेले पट्टे, सगळं तिथं येतं. मी त्यांना एक फाटकी अल्पाइन सॅक आणून दिली. त्यांनी ती टाका-टाका उसवली, एकेक तुकडा टेबलावर मांडला आणि रात्री जेवताना म्हणाले, "सांधे पाह्य. कापड काय, कोणीबी आणते."

अगदी खरं आहे ते. सॅक बहुतेक वेळा जाते ती खांद्याचा पट्टा पाठीला जोडलेला असतो तिथून. तिथं बाबांनी आतून दुहेरी कापड लावलं आणि चौकोनात फुली अशी शिलाई मारली, तीही नायलॉनच्या दोऱ्यानं. उघड्या कडा पायपिंगमध्ये बंद केल्या. बाहेर एकही कप्पा ठेवला नाही. मावतं 38 लिटर, रिकामी एक किलोच्या आत. कमरपट्टा सुटा आहे, कारण त्या जागी हार्नेस येतो, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा. वरचं झाकण सुटं आहे, कारण चढताना वर बघायला गेलं की हेल्मेट त्याला अडतं. पाठीचा फोम काढला की उघड्यावरच्या मुक्कामात बसायला होतो.

ही सॅक घेऊन गढवालमध्ये एका मोहिमेला गेलो, तर आमच्या लीडरनं सगळ्यांसमोर तिला "गावठी पिशवी" म्हटलं. वर हेही, की विदर्भात डोंगर कुठं आहेत, तुम्हाला कशाला हे उद्योग. त्याच्या पाठीवर 65 लिटरची, चहूबाजूंनी चेनचे कप्पे असलेली सॅक होती. रिकामीच दोन किलोंच्या वर. फिक्स रोपवर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, तिचा जाडजूड कमरपट्टा हार्नेसवर चढला, दोरात अडकवायची कडी (कॅराबिनर) हाताला लागेना, आणि आम्ही खाली बर्फात ताटकळत उभे राहिलो. तेव्हा मी गप्प होतो, तो लीडर होता. आता सांगतो. मे 2018 मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. डोंगर कुठं आहेत हे त्यांना विचारा.

तुम्ही पुढंमागं घेतलीच, तर दुकानात आधी सॅक उलटी करून आतली शिलाई बघा. पट्ट्याच्या जोडाला बोट घालून ओढा. कप्पे मोजत बसू नका आणि कप्पे मोजणाऱ्याचं ऐकूही नका. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालताना बुटाखाली लावायचे दात, बांधायची जागा जाड कापडाची हवी, नाहीतर ते आरपार जातात. डायनीमा या कृत्रिम धाग्याचं कापड वजनाच्या मानानं फार मजबूत असतं, पण उष्णता सोसत नाही, स्टोव्हपासून लांब ठेवा.

एक राहिलं. अशा सॅकला पाठीत बहुधा सांगाडा नसतो. बारा-पंधरा किलोंच्या पुढं भरली तर भरलेला फवारणीचा पंप दिवसभर पाठीवर वागवल्यासारखं होतं, आणि ते काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. बेस कॅम्पपर्यंतचं ओझं मोठ्या सॅकमध्येच न्या. शिवणीतून पाणी झिरपतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला.

आणि गावच्या टेलरकडून सॅक खुशाल शिवून घ्या, पण हार्नेस आणि स्लिंग (दोराला जोडायचा शिवलेला पट्टा) कधीच नाही. ते सीई किंवा यूआयएए या सुरक्षा-मानकाची खूण बघूनच विकत घ्यायचे. हे बाबांनीही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.