एका पेटीत दोन जाती ठेवण्यापूर्वी

मादागास्करची फुसकारणारी झुरळे आणि दुबिया (दक्षिण अमेरिकेतील एक पाळीव जात) झुरळे एकाच काचपेटीत ठेवावीत का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. ती भांडतील ही भीती नाही. दुबियाची मादी एका वेळी 20 ते 30 पिल्ले देते आणि उबेत ती काही महिन्यांतच वयात येतात, त्यामुळे हळूहळू खाद्य आणि लपण्यासाठी ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधला आडोसा तीच बळकावतात. शिवाय दुबिया गुळगुळीत काच चढू शकत नाहीत, मादागास्करची मात्र सहज चढतात. म्हणजे झाकण घट्ट हवेच. (घरच्यांचा विरोध असल्यास अधिकच.)

दक्षिण भारतातील सात ठिपक्यांची झुरळे तर स्वतंत्रच ठेवावीत, कारण त्यांच्या अंड्यांच्या कुप्या मातीत असतात आणि इतर झुरळे त्या उकरून खाण्याचा धोका असतो. मादागास्करच्याच दोन जवळच्या जाती एकत्र ठेवल्यास संकर होऊ शकतो व पुढे पिल्लांची जात ओळखणे अशक्य होते.

पुण्यातील डिसेंबरच्या गार रात्री पेटीच्या एकाच बाजूला ऊब द्यावी, म्हणजे झुरळांना हवी ती जागा निवडता येईल.