'किनाऱ्यावर.भारत' : नाव घ्या, पण इंग्रजी पत्ता सोडू नका

गुहागरजवळच्या तुमच्या होमस्टेच्या वेबसाइटसाठी 'किनाऱ्यावर.भारत' हे नाव घ्यावं का, मग जुना इंग्रजी पत्ता बंद करावा का आणि मेलचा पत्ताही मराठीतच करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो. मराठी नाव जरूर घ्या, इंग्रजी सोडू नका, आणि मराठी मेलपत्त्याच्या वाटेला तूर्त जाऊ नका. फक्त तुम्ही निवडलेल्या नावातच एक गोम आहे, ती आधी बघा.

वेबसाइटचे पत्ते शोधणारी यंत्रणा आजही ए ते झेड, आकडे आणि हायफन एवढ्यावरच चालते. तुम्ही देवनागरी नाव टाकलंत की ब्राउझर गुपचूप त्याचं प्युनीकोड, म्हणजे इंग्रजी अक्षर-आकड्यांतलं रूप, करतो आणि ते पुढे पाठवतो. त्याची सुरुवात 'एक्सएन' आणि दोन हायफन अशी असते. खुद्द '.भारत'चं आतलं रूप 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं आहे. म्हणजे दिसतं कसं याला काही किंमत नाही, आत कोणती अक्षरं कोणत्या क्रमाने गेली यावर सगळं ठरतं.

आता 'किनाऱ्यावर'मधला तो अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलंत (अक्षराचा पाय मोडण्याची खूण), मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, त्यानंतर 'जोडक', म्हणजे अक्षरं जोडणारी पण डोळ्यांना न दिसणारी खूण, आणि मग य. फोनच्या पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यंत्रणेच्या लेखी ही दोन वेगळी नावं. इंग्रजीखेरीज इतर लिपींतल्या नावांच्या २००३च्या नियमांप्रमाणे तो जोडक गाळलाच जायचा, म्हणजे मागे 'किनार्यावर' उरायचं. २०१०च्या नियमांनी तो हलंतानंतर चालवून घेतला, पण नावं नोंदवणारी प्रत्येक संस्था तो स्वीकारेल असं धरून चालू नका. पाहुण्याच्या कीबोर्डमधून काय येईल ते तुमच्या हातात नाही. म्हणून ऱ्य असलेलं नाव मी कोणालाच सुचवत नाही. दऱ्या, सुऱ्या, न्याहाऱ्या, सगळ्यांना तेच लागू. नुसतं 'किनारा' किंवा 'गुहागरकिनारा' बघा.

'कोकण' घालणार असाल तर 'कोंकण' असं लिहिणारेही पुष्कळ आहेत. एका अनुस्वाराने पत्ता बदलतो, तेव्हा दोन्ही घ्या नाहीतर तो शब्दच टाळा. मराठी आणि इंग्रजी अक्षरांची खिचडीही नको. फसवणुकीच्या भीतीने ब्राउझर अशा वेळी मराठी नाव न दाखवता ते 'एक्सएन'वालं रूप दाखवतात, आणि ते बघून पाहुणा बिचकतो.

आणखी एक. देवनागरी '.भारत' २०१४च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, ते मराठीबरोबर हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी. शेपूट एकच, त्यामुळे 'सागर', 'निवारा' यांसारखी नावं बिहारमधल्या कोणीतरी आधीच घेतलेली असू शकतात. गावाचं नाव जोडलंत की हा प्रश्न बहुतेक सुटतो.

इंग्रजी पत्ता का ठेवायचा? तुमच्याकडे बेळगाव-हुबळीकडचे, गुजरातचे पाहुणे येत असणार, त्यांच्या फोनवर देवनागरी कीबोर्ड असेलच असं नाही. मुंबई-पुण्याचे मराठी लोकसुद्धा पत्ता टाइप करताना सवयीने इंग्रजीतच करतात. (खरं तर बरेचजण पत्ता टाइप करतच नाहीत, मॅपवर 'गुहागर होमस्टे' शोधून येतात.) तेव्हा साइट एकच ठेवा आणि मराठी नाव तिच्याकडे वळवा. रस्त्यावरच्या बोर्डावर मराठी नाव मोठं लिहा, खाली क्यूआर कोड द्या आणि त्या कोडमध्ये इंग्रजी पत्ता भरा. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राची काळजी नको, लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा अशा नावांना २०१६पासून फुकट प्रमाणपत्र देते. मात्र ते प्रमाणपत्र मराठी नावासाठीही घ्या. नुसतं वळवायचंय म्हणून वगळलंत तर पाहुण्याला आधी धोक्याची पाटी दिसेल.

मेलबद्दल. देवनागरी मेलपत्त्यांचं मानक २०१२चं आहे आणि जीमेल २०१४पासून अशा पत्त्यांशी व्यवहार करू शकतं. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते जमावं लागतं, आणि बुकिंगचे, पेमेंटचे कितीतरी फॉर्म असा पत्ता दिसताच 'चुकीचा मेल' म्हणून परत पाठवतात. मे महिन्याच्या गर्दीत एक बुकिंग असं हुकलं तर मराठी मेलची हौस महागात पडेल.

शेवटी नोंदणी कोणाच्या नावावर करताय ते बघा. आपल्याकडे हे काम सर्रास मुंबईच्या भाच्याकडे किंवा साइट बनवणाऱ्या पोराकडे सोपवतात आणि नाव त्याच्याच खात्यात राहतं. जमिनीचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवू का? खातं स्वतःचं उघडा आणि त्यात रोज बघता तोच इंग्रजी मेल द्या, कारण नूतनीकरणाची सूचना तिथेच येते. मुदत चुकली आणि नाव सुटलं तर ते दुसरं कोणीही घेऊ शकतं.