‘विश्वास वाटणे’ की ‘साक्ष देणे’?

जालन्याच्या एका तरुण ख्रिस्ती वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हल्ली ‘इतरांबरोबर विश्वास शेअर करा’ असे सांगितले जाते, तर याचे मराठी ‘विश्वास वाटणे’ असे करावे, की वडीलधाऱ्यांचे ‘साक्ष देणे’ तसेच ठेवावे? ‘साक्ष’ म्हटले की वसतिगृहातल्या मित्रांना कोर्ट आठवते आणि ‘प्रचार’ म्हटले की निवडणूक, अशी त्यांची अडचण आहे.

‘विश्वास वाटणे’ हा प्रयोग मला मुळीच मान्य नाही. मराठीत ‘मला त्याच्याविषयी विश्वास वाटतो’ हे वाक्य आधीपासून आहे आणि तिथे ‘वाटणे’ म्हणजे मनाला जाणवणे. त्यामुळे ‘मी मित्रांना विश्वास वाटला’ असे कोणी म्हणाले, तर मित्रांना तो माणूस भरवशाचा वाटला, असाच अर्थ प्रथम लागतो. ‘वाटून घेणे’ म्हणावे, तर भावाभावांतली शेताची वाटणी डोळ्यांपुढे येते. पेढे वाटतात, प्रसाद वाटतात. श्रद्धा मात्र मराठी माणूस सांगतो किंवा आचरणातून दाखवतो.

‘प्रचार’ हा शब्द मुळात वाईट नाही. ‘हा शब्द प्रचारात आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ केवळ चालू असणे, रूढ असणे एवढाच असतो. पण आज त्याला ध्वनिक्षेपकाचा आवाज चिकटला आहे, हे प्रश्नकर्त्याचे निरीक्षण खरे आहे. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात ‘प्रसार’ हा शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात त्याची मर्यादाही सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून तो पसरवण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. कायद्याच्या चर्चेत म्हणून ‘प्रसार’च वापरावा, खोलीतल्या मित्राशी बोलताना तो फार औपचारिक होईल.

आता ‘साक्ष’. पाणिनीने ‘साक्षिन्’ हा शब्द ‘साक्षात्’वरून साधला आहे, ज्याने प्रत्यक्ष पाहिले, तो साक्षी. ख्रिस्ती मराठीत हाच जुना ‘साक्षी’ टिकला, तर कोर्टाने त्याला फारसी ‘-दार’ जोडून ‘साक्षीदार’ केला. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा, ‘मार्टुस’चा, मूळ अर्थही साक्षी असाच आहे आणि पुढे छळात प्राण देणाऱ्यालाही तोच शब्द लागला, मराठीतला ‘रक्तसाक्षी’ त्यावरूनच आला. अरबीतही ‘शहादत’ म्हणजे साक्ष आणि ‘शहीद’ त्याच धातूचा. मराठवाड्यात मराठीच्या शेजारी उर्दू पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे. इथल्या मुसलमान मित्राला ‘साक्ष’चा हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही, कारण त्याच्या कलम्याचे, म्हणजे इस्लामवरील श्रद्धा व्यक्त करणाऱ्या वचनाचे, नावच शहादतीचे आहे. फारसी ‘गवाही’ही मराठीत आली, पण आपली ‘ग्वाही’ आता मंत्र्यांनी द्यायच्या आश्वासनाच्या अर्थाने उरली आहे, म्हणून ती इथे उपयोगाची नाही.

कोर्ट आठवते, ही मला या शब्दाची उणीव वाटत नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिले तेवढेच सांगायचे असते. ऐकीव सांगायचे नसते, पढवलेले बोलायचे नसते आणि निकाल तर त्याने द्यायचाच नसतो. मराठीत साक्ष ‘देतात’, पण ती ‘पटावी’ लागते, आणि पटणे हे ऐकणाऱ्याकडे असते. एकनाथांचे पैठण, खुलदाबादचे दर्गे, नांदेडचा गुरुद्वारा आणि 1956 नंतर धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या वस्त्या ज्या मुलखात एकमेकांना लागून आहेत, तिथे ख्रिस्ती माणसाने बोलावे ते याच मर्यादेत, असे मी ख्रिस्ती घरात वाढलेला असल्यामुळे अधिकच आग्रहाने म्हणतो. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या, स्वतः धर्मांतर केलेल्या नारायण शेषाद्रींपासून या भागातल्या अनेक ख्रिस्ती घरांनी ‘बाटला’ हा शब्द ऐकलेला आहे. विटाळाची कल्पना पोटात घेऊन आलेला तो शब्द किती लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी हलका शब्द वापरू नये.

येशूविषयीच्या संदेशाला ख्रिस्ती मराठीत ‘शुभवर्तमान’ म्हणतात, त्याविषयी एवढेच सांगतो की, त्यातले ‘वर्तमान’ हे ‘वर्तमानपत्रा’तले, म्हणजे बातमी या अर्थाचे आहे. तरुणांना त्यात वर्तमानकाळ ऐकू येतो, म्हणून मंडळीबाहेर बोलताना ‘सुवार्ता’ अधिक सोपा पडेल.

तेव्हा मंडळीत ‘साक्ष देणे’ निःशंकपणे ठेवावे. वसतिगृहात मित्राने विचारले, तर ‘सांगणे’ हे साधे क्रियापद पुरते: ‘माझ्या बाबतीत काय घडले ते सांगतो, आणि मग तुझेही ऐकायचे आहे.’