ठराव मंजूर झाला, बोलावणे मात्र आले नाही

प्रश्न : आमच्या ग्रामसभेत तीन वर्षांपूर्वी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मांडला गेला, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला होता. यंदा तोच ठराव एकमताने मंजूर झाला, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना बोलावणे काही आले नाही. दुसरीकडे, जातीवरून जे पूर्वी पारावर दबक्या आवाजात बोलले जाई, ते आता माइकवरून बोलले जाते. एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी याला ‘ओव्हर्टनची खिडकी’ म्हटले आणि टोकाचे बोलत राहिले की ही खिडकी सरकते, असे सांगितले. मग जो मोठ्याने ओरडेल त्याचीच सरशी होणार काय?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : वक्त्यांनी सांगितलेला अर्थ आज सर्रास रूढ असला, तरी मूळ कल्पना त्याहून साधी आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मॅकिनॅक सेंटर या धोरणविषयक संस्थेत काम करणारे जोसेफ ओव्हर्टन यांनी १९९० च्या दशकात ती मांडली. एखाद्या प्रश्नावर जितकी मते संभवतात, त्यांपैकी थोडीच मते त्या काळच्या समाजाला सभ्य आणि शक्य वाटतात (हीच ती खिडकी), आणि निवडणूक लढवणारा पुढारी सहसा तेवढ्यांतूनच निवड करतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००३ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर सहकाऱ्यांनी या कल्पनेला त्यांचे नाव दिले. पुढारी खिडकी सरकवत नाही, ती सरकल्याचे त्याला आधी कळते, एवढाच या कल्पनेचा गाभा आहे. आरडाओरड करणाऱ्यांना दिलेले ते वरदान नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे, तर कराडजवळच्या टेंभूचे घेऊ. टेंभू म्हटले की आता उपसा सिंचन योजनाच आठवते, परंतु १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर याच गावी जन्मले. संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्याने ग्राह्य धरण्याच्या किमान वयाचा, वाद पेटला, तेव्हा आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आणि त्यांच्या सुधारकी मतांपायी पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८६० च्या दंडसंहितेत मुलींचे संमतिवय १० वर्षे होते, आणि १८९१ मध्ये ते अवघे १२ करण्यावरून एवढे रान उठले होते. पुढे मुलींच्या विवाहाचे किमान वय १९२९ च्या सारडा कायद्याने १४, १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाले. आज १२ हा आकडा कोणी सभेत उच्चारला, तर ऐकणाऱ्याला शिसारी येईल. मात्र या कायद्याला विरोध करणारे टिळक बालविवाहाचे समर्थक होते, असा सरधोपट निष्कर्ष कोणी काढू नये. मुलींचे लग्न सोळाव्या वर्षाआधी करू नये, असे बंधन लोकांनी स्वतःहून घालून घ्यावे, अशी सूचना त्यांनीच केली होती, आणि परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करावा काय, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणजे एकाच वादात दोन खिडक्या होत्या, आणि त्या एकदम सरकल्या नाहीत.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे ज्या कायद्यासाठी पाठपुरावा केला, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याचे लांबलचक नाव एकदा सावकाश वाचावे: त्यात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मात्र नाही. श्रद्धा कोठे संपते आणि अंधश्रद्धा कोठे सुरू होते, यावर गावाचे एकमत होणे कठीण. नरबळी नको, यावर मात्र देवभोळा शेजारीही मान डोलावतो. टोकाची मागणी करून मग मधल्यावर तडजोड करायची, ही युक्ती बाजारातल्या घासाघिशीत चालते. सार्वजनिक वादात बहुतेक वेळा ती समोरच्याला अधिक घट्ट करते.

आता आपल्या ग्रामसभेकडे येऊ. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये असा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. इथेही गाव आधी आणि शासन मागाहून, हा क्रम लक्षात घ्यावा. आपल्या गावात तीन वर्षांपूर्वी हसणाऱ्यांपैकी कितीजण मनापासून हसले आणि कितीजण शेजारी हसतो म्हणून हसले, हे सांगता येणार नाही, आणि यंदा वर झालेल्या हातांचेही तेच आहे. उघड विरोध करण्याची लाज वाटू लागली, एवढे मात्र नक्की झाले, आणि ते थोडे नाही. माइकवरच्या जातीच्या बोलण्यातही हेच घडते: पहिला वक्ता बोलतो, कोणी हरकत घेत नाही, आणि ऐकणारा प्रत्येकजण समजतो की बाकीच्यांना हे पटलेले दिसते. तेथे आवाजापेक्षा समोरच्यांचे गप्प बसणेच अधिक काम करते. खिडकी सरकली म्हणजे समाज पुढे गेला, असा अर्थ म्हणूनच घेऊ नये. ती मागेही तितक्याच सहज सरकते.

बोलता येणे आणि वागता येणे यांत अंतर उरते, ही आपली तक्रार रास्त आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला, तेव्हा तो चर्चेतला मुद्दा राहिला नाही, कारण वस्तरा ज्यांच्या हाती होता तेच नाही म्हणाले. हळदीकुंकवाचे बोलावणेही ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी जात नाही. ते एखाद्या घरातून, तिथल्या सासूच्या किंवा सुनेच्या तोंडून जाते. यंदा आपल्या घरचे वाण कोणाकोणाच्या हाती पडले, हे आपण पत्रात लिहिलेले नाही.