"मॅडम, तुम्ही ती फिल्म बघितलीय का?"

त्याने तोंड उघडलं ते हे विचारायला. आईबरोबर माझ्याकडे समुपदेशनाला आलेला मुलगा, वय १७, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि ते अर्धवट सोडून प्रोफेशनल गेमर व्हायचं पक्कं ठरवलेलं. त्याआधीची वीस मिनिटं आईच बोलत होत्या. त्यांनी विचारलं ते मला बरेच पालक विचारतात: "या डॉक्युमेंटरीत दाखवतात ते खरं असतं का हो? की मुलांना नादी लावायचे धंदे?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

फिल्म होती 'फ्री टू प्ले', २०१४ ची, साधारण सव्वा तासाची. २०११ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला डोटा २ या पाच-पाच जणांच्या टीमने खेळायच्या गेमची मोठी स्पर्धा झाली. विजेत्या टीमला १० लाख डॉलर. तोवर गेमिंगमध्ये असला आकडा कोणी ऐकला नव्हता. तिथे उतरलेल्या तिघांच्या मागे ही फिल्म फिरते: युक्रेनचा डेंडी, अमेरिकेचा फियर आणि सिंगापूरचा हायहाय.

मी ती बघितली होती. आणि इथेच माती खाल्ली. म्हटलं, "अरे, ज्या वाल्व कंपनीची गेम, तिचीच स्पर्धा आणि तिचीच फिल्म. जाहिरातच की ती!" माहिती बरोबर होती. पण आईंनी जोरात मान डोलावली आणि पोरगं खुर्चीत मागे सरकलं. ही पण त्यांच्यातलीच, असा त्याने हिशेब करून टाकला. त्या दिवशी नंतर 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढंच मिळालं.

पुढच्या वेळी मी आधी माफी मागितली. म्हटलं, दोघं मिळून बघू, तू पाहिजे तिथे थांबव. त्याने मला चांगलंच सुनावलं. "जाहिरात असती तर तिघंही जिंकले असते ना? जिंकला एकटा डेंडी." बरोबर होतं त्याचं. डेंडीचे वडील कॅन्सरने गेले, ते फिल्ममध्ये आहे. अभ्यास आणि घरच्यांच्या अपेक्षा यांत अडकलेला हायहाय आहे, आणि त्याची टीम तिसरी येते. मोजून सांगायचं तर १० लाखांऐवजी दीड लाख, तेही पाच जणांत. हे सगळं न झाकता दाखवलंय.

मग मी एकच विचारलं: "यात सराव कुठेय?"

त्याने फिल्म मागे नेली, पुढे नेली. मुलाखती होत्या, घरं होती, स्टेज होतं, ओरडणारी गर्दी होती. स्क्रीनसमोर बसलेली माणसंही होती, पण काही सेकंदांपुरती. डोटाची एक मॅच सहज चाळीस मिनिटं चालते. स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीमशी सरावाच्या मॅचेस, दिवसभर चालतात. एकच सुरुवात पुन्हा पुन्हा घोटायची, मग हरलेल्या मॅचचा रिप्ले लावून कोण कुठे चुकलं ते पाच जणांनी तोंडावर बोलायचं. हे दाखवलं तर प्रेक्षक उठून जाईल. दिग्दर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही. कुस्तीवरच्या फिल्ममध्येही जोर-बैठका गाण्याच्या एका कडव्यात संपतात. पण करिअर निवडणाऱ्याला नेमकं तेच कडवं आयुष्यभर गायचं असतं.

आणखी एक हिशेब त्याने स्वतःच मांडला. १६ टीम, प्रत्येकी ५ खेळाडू, म्हणजे ८० जण. ते सगळे निमंत्रित, जगातले निवडक. "जे बोलावलेच गेले नाहीत त्यांच्यावर फिल्म कोण काढणार?" असं तोच म्हणाला. मी गप्प बसले. समुपदेशकाला हे फार उशिरा जमतं.

फियरवरून मात्र आमची जुंपली. तो म्हणाला, फिल्ममध्ये हरलेला फियर २०१५ मध्ये तीच स्पर्धा जिंकला, टीमला ६६ लाख डॉलर मिळाले. मी म्हटलं, मधलं वर्षही सांग. २०१४ मध्ये, फिल्म आली त्याच वर्षी, कोपराच्या दुखापतीमुळे त्याला त्या स्पर्धेत खेळताच आलं नव्हतं. लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या गेमचा चीनमधला नावाजलेला खेळाडू उझी तर २३ व्या वर्षी, २०२० मध्ये, तब्येतीच्या कारणाने निवृत्त झाला. त्याचंही खरं होतं, माझंही. कॅमेरा त्याआधीच बंद झाला होता, एवढंच.

मी त्याला एक काम दिलं: हरलेली मॅच घेऊन ये, माझ्यासमोर पूर्ण बघ. अकराव्या मिनिटाला त्याचा हात पुढे ढकलायच्या बटणाकडे गेला. "आता बोअर आहे." मी म्हटलं, बघू या की. तेराव्या मिनिटाला त्याचा हिरो, म्हणजे गेममधलं त्याचं पात्र, मेला. त्याने मागे नेलं, पुन्हा बघितलं, आणि पुटपुटला, "टीमवर ओरडलो होतो मी. मॅपकडे मीच बघितलं नव्हतं." असे हरलेले रिप्ले आजवर किती बघितलेस? एकही नाही. हरलं की लगेच पुढची मॅच.

आईंना अजून एक धास्ती होती, व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे सहसा १२ महिने दिसावं लागतं; नुसते तास मोजून निदान होत नाही. हा मुलगा झोपत होता, मित्रांत मिसळत होता, वर्गात बसत होता. त्या निदानात तो बसत नव्हता. फिल्मबद्दल त्यांना म्हटलं, "दाखवलंय ते खरं आहे. कापलेलं त्याला इथे बसून बघू द्या."

ठरलं ते असं: शाळा पुरी करायची, आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका पात्रता फेरीत उतरायचं. त्या दिवशी आईंनी दारावर टकटक करायची नाही. ही अट त्याची.

दुसऱ्याच फेरीत त्याची टीम बाहेर पडली. रात्री मला मेसेज आला: "हरलो मॅडम. रिप्ले डाउनलोड केलाय. अजून उघडला नाही."